आतली नळी, बाहेरचा दोरा

मास्टर पुन्हा उठले, तेव्हा वहिनींनी मान वर केली नाही. मशीनचं पायडल थांबलं, स्टूल मागे सरकलं, दुकानाच्या मागच्या दाराची कडी वाजली. एवढ्यावरून त्यांना सगळं कळत होतं. मग थोडी शांतता, मग दातांखाली दाबलेला ‘स्स’, मग पाण्याचा आवाज, आणि मग भिंतीला हात लावत मास्टर परत. चेहरा असा, की जणू आत्ताच कुणी त्यांच्या नव्या कापडावर शाई सांडली आहे.

“झालं?” वहिनींनी काज करता करता विचारलं.

“काय झालं? काही होतच नाही. धावत जावं तर चार थेंब, आणि येऊन बसावं तर पुन्हा हाक.”

“अजून?”

“अजून म्हणजे?”

“नळी काढली ना तुम्ही परवाच. डॉक्टर म्हणाले होते, नळी निघाली की हा तमाशा बंद.”

मास्टर सुई ओवायला लागले. सुई आधीच ओवलेली होती.

वहिनींनी ते पाहिलं आणि मनात एका बाजूला टाकून ठेवलं. त्यांची ही जुनी सवय. कोण काय बोललं, बोलताना कुठे बघत होतं, कोणता शब्द गिळला, हे सगळं त्या मनातल्या मनात टिपून ठेवत आणि बेरीज जुळेपर्यंत तोंड उघडत नसत. संसार असाच चालला होता. मास्टर बोलत, वहिनी बेरीज करत.

मास्टरांचं दुकान हॉस्पिटलच्या समोरच्या रस्त्यावर. कोट, जाकिटं, गणवेश, आणि डॉक्टरांचे पांढरे झगे. कापायचं, बेतायचं, शिवायचं काम मास्टरांचं. काजं, बटणं, इस्त्री आणि दोरे कापणं वहिनींचं. या दोरे कापण्यावरून मास्टर आयुष्यभर वहिनींच्या डोक्यावर मिरे वाटत आले. कपडा दुकानाबाहेर पडला आणि त्याला एक दोरा लोंबताना दिसला, तर तो दुकानाच्या तोंडाला काळं फासणारा, असं त्यांचं म्हणणं. दोरे कापायची छोटी कात्री फितीला बांधून ते गळ्यातच घालत. रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या कॉलरचा दोरा त्यांनी कापलेला आहे. एका अंत्ययात्रेत तर रडणाऱ्या जावयाच्या बाहीचा कापला होता. जावयाला वाटलं, कुणी पाठीवरून हात फिरवतंय.

तर अशा या माणसाला मूतखडा झाला. मूतखड्याची कळ आली की भलेभले गडाबडा लोळतात. मास्टर कापडाच्या ढिगाऱ्यावर लोळले आणि लोळतानाही “ते रेशमी बाजूला घे” म्हणून ओरडले. समोरच्या हॉस्पिटलात दुर्बीण घालून खडा फोडला. फुटलेले तुकडे डॉक्टरांनी छोट्या बाटलीत घालून दिले आणि पुढे काय, ते समजावून सांगितलं. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची वाट आता सुजली आहे. सूज उतरेपर्यंत तिथे एक मऊ नळी ठेवली आहे, म्हणजे लघवी तुंबणार नाही. दोन्ही टोकांना नळी गोल वळलेली, म्हणून ती जागची हलत नाही. सारखं जावंसं वाटेल, कंबरेत चमकेल, कधी लालसर होईल. नळी आहे तोवर हे चालायचंच.

“आणि ही नळी काढायची कशी?” वहिनींनी विचारलं होतं.

“थोड्याच दिवसांसाठी आहे, म्हणून तिला दोरा बांधून तो लघवीच्या वाटेने बाहेर ठेवलाय. पोटाखाली पट्टीने चिकटवलाय. पुढच्या आठवड्यात या, ओढून काढू, दोन मिनिटांचं काम. घरी जमलं तर घरीही चालेल, सिस्टर दाखवतील कसं ते. पण काढायची नक्की. विसरली आणि महिनोन्‌महिने आत राहिली, तर तिच्यावरच खडे बसतात. मग ती ओढून निघत नाही, पुन्हा ऑपरेशन. मूत्रपिंड गमावलेली माणसं पाहिलीत मी.”

“दोऱ्याची काळजी आम्हाला नका सांगू,” मास्टर पलंगावरून म्हणाले होते. “आमचा धंदाच दोऱ्याचा.”

डॉक्टर हसले. वहिनीही हसल्या. तेव्हा हसायला काही हरकत नव्हती.

पुढच्या आठवड्यात मास्टर म्हणाले, मी घरीच काढली, काही नाही, सुळकन आली. हॉस्पिटलमधून आठवणीचा फोन आला, तो करणाऱ्या मुलीलाही त्यांनी तेच सांगितलं. तिने “छान” म्हणून नोंद केली आणि विषय मिटला.

पण विषय मिटला असता, तर मास्टर असे भिंती धरत फिरले नसते.

वहिनींनी हातातला कोट बाजूला ठेवला. “अहो, ती नळी कुठेय?”

“टाकली.”

“कुठे?”

“कचऱ्यात. आणखी कुठे टाकतात?”

कचऱ्याचा डबा वहिनीच रिकामा करत. त्यात कापडाच्या चिंध्या होत्या, खडूचे तुकडे होते, चहाचा चोथा होता. पण वहिनींची खात्री त्याच्याही आधी झाली होती. या माणसाने मूतखड्याचे तुकडे बटणांच्या डब्यात जपून ठेवले होते. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला माप घेता घेता बाटली हलवून दाखवली होती. शेजारच्या घड्याळवाल्याने तर ते तुकडे आपलं भिंग डोळ्याला लावून पाहिले होते आणि “टोकं बघा, टोकं” असं म्हणाला होता. तुटकं बटण वर्षानुवर्षं न फेकणारा हा माणूस, पोटात राहून आलेली हातभर नळी घड्याळवाल्याला न दाखवता टाकून देईल? ते शक्य नव्हतं.

“नळी आतच आहे,” वहिनी म्हणाल्या.

मास्टरांनी पायडल मारलं. मशीन रिकामंच धावलं.

“दोरा तुटला का?”

“तुटला नाही.”

“मग?”

मास्टरांनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, “कापला गेला.”

“कापला गेला की कापलात?”

“अगं, अंघोळ करून आलो. पट्टी भिजून सुटली होती. टॉवेल गुंडाळत होतो, तर खाली एक दोरा लोंबताना दिसला. हात गेला.”

“अंघोळीहून आल्या आल्या कात्री गळ्यात?”

“खुंटीवरून घालतच होतो.”

“आणि तुम्हाला वाटलं तो कशाचा?”

“पायजम्याचा.”

“पायजमा घातला होतात?”

“नाही,” मास्टर म्हणाले. “तेच नंतर लक्षात आलं.”

वहिनींना हसू आणि रडू एकाच वेळी येऊ लागलं, म्हणून त्यांनी दोन्ही आवरलं आणि पाणी प्यायल्या. उरलेलं टोक आत ओढलं गेलं होतं, ते काही आता हाताला लागणार नव्हतं. “उठा. समोर तर हॉस्पिटल आहे. रस्ता ओलांडायचा आणि सांगायचं.”

“काय सांगायचं?”

“जे मला सांगितलंत तेच.”

“डॉक्टरांना? ज्यांचे झगे मी शिवतो त्यांना? ज्यांना मी म्हणालो की दोऱ्याचं आम्हाला नका सांगू?” मास्टर मान हलवत राहिले. “मी नाही जाणार. निघेल आपोआप. एवढा दगड निघाला, नळीचं काय.”

“दगड निघाला नाही, फोडून काढला. आणि नळीची टोकं वळलेली आहेत. आपणहून ती कशाला निघेल? तिला काय घाई आहे?”

मास्टर उठले. मागच्या दाराची कडी वाजली.

वहिनींनी स्वतःच हॉस्पिटलला फोन लावला. फोनवरच्या मुलीने नाव पाहिलं आणि गोड आवाजात सांगितलं, की त्यांच्याकडे नळी निघाल्याची नोंद आहे, पेशंटने स्वतः कळवलंय. नाही ना निघालेली, म्हणाल्या वहिनी. मग पेशंटला घेऊन या, म्हणाली मुलगी. पेशंट येत नाही, म्हणाल्या वहिनी. मुलगी म्हणाली, “मॅडम, पेशंटशिवाय कशी काढणार?”

फोन ठेवल्यावर वहिनींना याचा खरा अर्थ उमगला. म्हणजे तिकडच्या कागदांत मास्टर सुटलेले होते. आता कुणी फोन करणार नव्हतं, कुणी बोलावणार नव्हतं. हळूहळू मास्टरांना नळीची सवय होईल, कण्हत-कुथत दिवस काढतील, आणि ती आत बसून आपल्या अंगावर दगड चढवत राहील. या नवऱ्याने मूग गिळले, तर त्याचं मूत्रपिंड जाईपर्यंत जगात कुणाला पत्ता लागणार नाही.

घड्याळवाल्याला वास लागलाच. त्याला लागणारच, दोन दुकानांमध्ये फळीची भिंत. तो येऊन म्हणाला, सातू उकळून प्या, आणि जिन्यावरून उड्या मारत उतरा. मास्टरांनी दोन्ही केलं. संध्याकाळपर्यंत लघवी लाल झाली. मास्टर पांढरेफटक होऊन बाहेर आले आणि म्हणाले, “बीट खाल्लं होतं का आपण?”

“नाही,” वहिनी म्हणाल्या. “उद्या सकाळी जायचं.”

“उद्या बँकेतल्या मॅडमचा कोट द्यायचाय.”

“परवा?”

“परवा गणवेशांचं कापड येणार.”

वहिनींनी अंदाज घेतला. भांडून फायदा नाही. भांडण हे मास्टरांचं आवडतं काम, त्यात ते दुखणंसुद्धा विसरत. रडूनही फायदा नाही. रडल्यावर ते समजूत काढत, आणि समजूत काढता काढता स्वतःच पटवून घेत की सगळं ठीक आहे. या माणसाला हलवायचं तर जिथे त्याला खुपतं तिथेच बोट ठेवायला हवं. आणि मास्टरांना कुठे खुपतं, हे वहिनींइतकं कुणाला ठाऊक?

दुसऱ्या दिवशी त्यांनी काजं केली, बटणं लावली, इस्त्री केली, आणि दोरे तसेच सोडले.

आधी मास्टरांच्या लक्षात आलं नाही. मग आलं. दांडीवर ओळीने कोट टांगलेले, आणि प्रत्येकाच्या बाहीला, खिशाला, अस्तराला दोरे लोंबत होते. पंख्याच्या वाऱ्याने ते सगळे मिळून हलत होते.

“अगं, हे काय?”

“काय?”

“दोरे.”

“मी नाही कापणार,” वहिनी म्हणाल्या. “आता मला भीती वाटते. कुठला दोरा कशाला जोडलेला असेल, काय सांगावं.”

“टोमणे मारू नकोस.”

“टोमणा कसला? कोट बिचारा कळवळला तर बोलूही शकणार नाही.”

मास्टर कात्री घेऊन उठले. तेवढ्यात आतून हाक आली आणि ते मागच्या दाराकडे धावले. परत आले तोवर बँकेतल्या मॅडम दारात उभ्या. मॅडमनी कोट अंगात घातला, आरशासमोर फिरल्या, आणि बाहीखाली लोंबणारा दोरा दोन बोटांत धरून उभ्या राहिल्या. त्या दुकानात हे दृश्य आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

“मास्टर,” त्या म्हणाल्या, “तब्येत बरी आहे ना?”

मास्टरांचा हात गळ्याकडे गेला. वहिनींनी काजावरची मान वर न करता विचारलं, “कोटाचाच आहे ना तो? बघून घ्या. नाहीतर मॅडमना समोर न्यावं लागेल.”

मॅडम दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मास्टरांचा हात हवेत राहिला. त्यांच्या कपाळावर घाम जमला होता. लघवीची हाक पुन्हा आलेली असावी, कारण ते एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले.

“मॅडम, कोट दुपारी घ्या,” शेवटी ते म्हणाले. मग वहिनींकडे न बघता, “चल.”

“कुठे?”

“तुला माहीत आहे कुठे.”

“मला माहीत आहे. तुम्हाला तोंडाने म्हणता येतं का बघत होते.”

रस्ता ओलांडायला त्यांना वेळ लागला. मास्टर मध्येच थांबून एका स्कूटरवाल्याच्या जाकिटाच्या शिवणीवर टीका करत होते. हॉस्पिटलच्या पायरीपाशी त्यांनी परत जाण्याची दोन कारणं काढली. बाकावर बसल्यावर तिसरं काढलं. वहिनींनी प्रत्येकाला “हं” म्हटलं आणि दंड सोडला नाही.

डॉक्टरांनी आनंदाने स्वागत केलं. “या मास्टर. काय, नळी काढल्यावर कसं वाटतंय?”

वहिनी गप्प बसल्या. बोलायचं ते मास्टरांनीच, हे त्यांनी पायरीवरच ठरवलं होतं. आपण बोललो तर घरी जाऊन हा माणूस म्हणेल, तू मला तोंडावर पाडलंस. आणि पुढच्या दुखण्याला पुन्हा हेच.

“तसं बरं आहे,” मास्टर म्हणाले. “म्हणजे, तसं नाही. वारंवार जावं लागतं. काल लाल झाली. तुमचा तो दोरा, डॉक्टर, फार बारीक वापरता तुम्ही. आमच्याकडे बटणालासुद्धा दुहेरी घेतात.”

“दोऱ्याचं काय झालं?”

“काही नाही. दोरा म्हणजे बारीक होता, एवढंच. रंगही असा, की पटकन ओळखू येत नाही.”

वहिनींनी डोळे मिटून घेतले. हा माणूस आता डॉक्टरांना दोऱ्याचा नंबर विचारणार, सूत की रेशीम त्यावर बोलणार, आणि अर्ध्या तासाने औषधाची चिठ्ठी घेऊन घरी येणार, हे त्यांना स्पष्ट दिसू लागलं. ताकास तूर लागू न देण्यात मास्टरांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

डॉक्टर चिठ्ठी ओढून पुढे वाकले. “नळी पूर्ण आली होती ना? दोन्ही टोकं वळलेली?” असं विचारत त्यांनी हात टेबलावर ठेवला. मास्टरांनीच शिवलेला पांढरा झगा. धुऊन धुऊन मऊ झालेला. आणि बाहीच्या बटणापासून एक दोरा सुटून लोंबत होता.

मास्टर बोलायचे थांबले.

वहिनींनी डोळे उघडले. मास्टरांची नजर त्या बाहीवर खिळली होती. उजवा हात आपणहून गळ्याशी गेला. छोटी कात्री बाहेर आली, पुढे झाली, आणि डॉक्टरांचं वाक्य संपायच्या आत ‘कट्’ असा आवाज झाला. दोरा टेबलावर पडला.

डॉक्टरांनी आधी बाहीकडे पाहिलं. मग दोऱ्याकडे. मग मास्टरांकडे. मास्टर कात्री हातात घेऊन तसेच वाकलेले होते.

“असंच?” डॉक्टरांनी विचारलं.

मास्टरांनी कात्री हळूच आत सरकवली. “असंच,” ते म्हणाले. “अंघोळीनंतर. पायजम्याचा समजून.” आणि एकदा बांध फुटल्यावर सगळंच आलं: फोनवरच्या मुलीला मारलेली थाप, सातू, जिन्यावरच्या उड्या. “तुमच्याकडे कोणत्या तोंडाने येऊ, असं झालं, डॉक्टर.”

डॉक्टरांनी चिठ्ठी बाजूला सारली. त्यांच्या चेहऱ्यावरचा वैताग वहिनींना ओळखीचा वाटला. त्या रोज आरशात तोच बघत होत्या.

“मास्टर, दोरा तुटतो, निघतो, ओढला जातो. लोक झोपेत ओढतात. त्यासाठी आमच्याकडे उपाय आहे. न सांगण्यावर उपाय नाही. तुमच्या नावापुढे आम्ही ‘निघाली’ लिहिलं होतं. वर्षभराने तुम्ही आला असता, तर मला तिथून नळी नाही, दगडाची काठी काढावी लागली असती.”

“हो,” मास्टर म्हणाले. त्यांच्या तोंडून नुसतं ‘हो’ वहिनींनी फार दिवसांनी ऐकलं.

एक्स-रे काढला. पडद्यावर नळी दिसली: वर एक वेटोळं, खाली एक वेटोळं, मध्ये सरळ. अजून स्वच्छ होती, तिच्यावर काही बसलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, भूल द्यायला नको, जेली लावून बारीक दुर्बीण घालू, चिमट्याने धरून आणू. दुखेल थोडं, पण आजच करून टाकू.

मास्टर आत गेले. कात्री वहिनींनी बाहेरच काढून घेतली. दाराआडून आधी मास्टरांचा आवाज आला, “थंड आहे हो हे.” मग “थांबा, थांबा.” मग बराच वेळ काही नाही, आणि वहिनींच्या मुठीत ती छोटी कात्री गरम होऊन गेली. मग एक लांबलचक “आई गं”, आणि पाठोपाठ डॉक्टरांचा आवाज, “ही बघा.”

बाहेर आले तेव्हा मास्टर पाय फाकवून चालत होते आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. पिशवीत नळी. “टोक बघ कसं वळवलंय,” ते म्हणाले. “हूकच आहे. घड्याळवाल्याला दाखवायला हवी.”

“आधी पाणी प्या,” वहिनी म्हणाल्या. “मग मिरवा.”

दुपारी मॅडम आल्या तेव्हा कोटाचा एकही दोरा शिल्लक नव्हता. वहिनींनी सगळे कापले होते, आणि मास्टर खुर्चीत कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावून, बसल्या जागेवरून हुकूम सोडत होते: तिसऱ्याच्या खिशाला एक राहिलाय, त्या जाकिटाच्या अस्तराला बघ. आज दुखेल, उद्या बरं वाटेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मास्टरांनी त्यातला फक्त पहिला अर्धा भाग ऐकला होता आणि ते तो दर थोड्या वेळाने वहिनींना ऐकवत होते. मधूनच उठून जात, पण आता धावत नव्हते. एकदा परत आले ते दारातच उभे राहिले आणि म्हणाले, “एका दमात झाली.” पुरस्कार मिळाल्यासारखा चेहरा होता.

“बरं झालं,” वहिनी म्हणाल्या. “मॅडमसमोर सांगितलं नाहीत हेही बरं झालं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टर मशीनवर बसले. पायडल सुरू झालं. वहिनी काज घालत होत्या आणि सवयीने वाट बघत होत्या: आता थांबेल, आता स्टूल सरकेल, आता कडी वाजेल. पायडल थांबलं नाही. एक बाही झाली, दुसरी लागली. तेव्हा वहिनींनी मान वर केली.

मास्टरांनी मशीन तसंच चालू ठेवून त्यांच्या खांद्याकडे बोट दाखवलं. “तुझ्या त्या शिवणीला एक दोरा आहे.”

“असू दे.”

“कापतो ना.”

वहिनींनी गळ्याशी हात नेला. कालपासून कात्री त्यांच्याच गळ्यात होती.

“मी बघते,” त्या म्हणाल्या, आणि कापायच्या आधी दोरा बोटांत धरून नीट पाहिला.